ओटीच्या खणाला कात्री नाही

आमच्या दुकानात ओटीच्या खणाला कात्री लावत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. हुबळीच्या दुर्गदबैलात कुणालाही विचारा, बोंगाळ्यांचा खण म्हणजे हातानं फाडलेला. आजोबांनी मिरजेहून येऊन दुकान घातलं तेव्हापासूनची ही रीत. ओटी देवीची, सवाशिणीची. तिला लोखंड लागलेलं आमच्याकडं चालत नाही. गुळेदगुड्डचा तागा मांडीवर उलगडायचा, हातानं मापायचा आणि सर्रकन फाडायचा. सौंदत्तीला यल्लम्माला जाणाऱ्या बायका वाट वाकडी करून आमच्याकडं खण घ्यायला येतात.

आता मला सांगा, कापड फाडायला कुठून तरी सुरुवात करावी लागते की नाही? खणाचा काठ घट्ट विणीचा. नुसत्या बोटांनी तो पैलवानालाही फाटायचा नाही. मग काय करायचं? दात लावायचा. बोलता बोलता मान खाली घालायची, काठ तोंडाशी न्यायचा, बारीक चीर पाडायची आणि हात मोकळे करायचे. गिऱ्हाइकाला वाटतं, मालक ताग्याची वीण बघतायत. कळता कामा नये, कारण दात लागला म्हणजे खण उष्टा झाला, आणि उष्ट्या खणानं देवीची ओटी कोण भरेल? आजोबा दात लावायचे, वडील लावायचे, मी लावायचो. पन्नाशीत माझे दात गेले आणि कवळी आली. कवळीनं काठ तुटत नाही, कवळीच हातात येते. तेव्हापासून ते काम प्रभंजनकडं गेलं.

प्रभंजन आमचा सेल्समन. एकोणिसाव्या वर्षी लागला आणि अकरा वर्षं राहिला. मला अण्णा म्हणायचा. मी तोंडाचा फटकळ माणूस, दिवसातून चार वेळा त्याचा उद्धार करायचो. तो हसायचा आणि चहा सांगायचा. गेली सहा वर्षं तो खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतोय, आणि त्याला आत घालण्यात माझाही हात आहे.

नवनगरात कुलकर्णी टीचर म्हणून एक बाई राहायच्या. एकट्याच. शाळेत गणित शिकवायच्या. दसऱ्याच्या आधी चार दिवस त्या घरात मेलेल्या सापडल्या. गळ्याभोवती खण आवळलेला. जांभळा, हिरव्या काठाचा, आमच्याच दुकानातला. त्या दिवशी प्रभंजन त्यांची फॉल लावलेली साडी पोचवायला गेला होता. शेजारणीनं त्याला फाटकातून आत जाताना बघितलं होतं. बाहेर येताना कुणी बघितलं नाही. त्यात खणाच्या तपासणीत थुंकी सापडली, आणि डीएनए जुळला प्रभंजनचा.

सरकारी वकिलानं कोर्टात करून दाखवलं. म्हणे, प्रभंजननं एका हातानं बाईंना धरलं, दुसऱ्या हातात खण, आणि गाठ दातानं आवळली. त्यानं स्वतःच्या दातात रुमाल धरून ओढला तेव्हा कोर्टात कुणी खोकलंसुद्धा नाही.

प्रभंजन म्हणाला, "साहेब, आमच्या दुकानात खणाला दात लावूनच फाडतात. त्या खणावर माझी थुंकी असणारच. हुबळीतल्या निम्म्या घरांत असेल."

मग मला बोलावलं. कोर्ट भरलेलं. मी मान वर केली तर समोर सगळी माझीच गिऱ्हाइकं. कुणाच्या मुलीच्या डोहाळजेवणाला माझा खण गेलेला, कुणाच्या घरच्या देवीला गेलेला. त्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. प्रभंजनच्या वकिलानं विचारलं, "तुमच्या दुकानात ओटीच्या खणाला दात लावतात, हे खरं का?"

मी म्हटलं, "साफ खोटं. ओटीचा खण आम्ही उष्टा करू होय?"

तो वकील चिकट. त्यानं विचारलं, तेव्हा दुकानात आणखी कोण कोण बसत होतं. माझं डोकं आधीच तापलेलं. माझा मुलगा साकेत दुकान सोडून पुण्याला नोकरीला गेला होता, त्याचा राग माझ्या नाकावर होता. मी म्हटलं, "मी आणि प्रभंजन, दोघंच. माझा मुलगा इंजिनियर आहे. तो सणाला घरी येतो, पण दुकानाची पायरीसुद्धा चढत नाही." हेसुद्धा कारकुनानं लिहून घेतलं.

प्रभंजन माझ्याकडं बघत राहिला. चिडला नाही. त्याला वाटलं असेल, अण्णा आत्ता दुरुस्त करतील.

मी दुरुस्त केलं नाही. मनाला काय सांगितलं, तेही सांगतो. डीएनए म्हणजे सायन्स, ते खोटं बोलत नाही, असं जो तो म्हणत होता. त्यानं केलं नसतं तर सायन्सनं सांगितलं नसतं. माझ्या एका 'नाही'नं काय होणार आहे? असं म्हणून मी घरी आलो आणि व्यवस्थित जेवलो. आज सांगायला लाज वाटते, पण जेवलो.

प्रभंजनची आई लक्ष्मीअक्का एका खानावळीत भाकऱ्या थापते. शिक्षा झाल्यावर ती दर अमावास्येला, खानावळ बंद असते तेव्हा, दुकानासमोर यायची. पायरी चढायची नाही. "निमग गोत्तैति, अण्णा," एवढंच म्हणायची. तुम्हाला माहीत आहे. मग जायची. मी ताग्यांच्या मागं काहीतरी शोधत बसायचो.

आणि साकेत पुण्याची नोकरी सोडून परत आला. म्हणाला, "अप्पा, प्रभंजन नाही, तुमचं वय झालं, मी बसतो." मला काय आनंद झाला सांगू. शेजारच्या दुकानांत पेढे वाटले. दुसऱ्याचं पोरगं जेलात गेलं म्हणून माझं पोरगं गादीवर आलं, हे पेढे वाटताना एकदाही डोक्यात आलं नाही. साकेत कामाला चोख निघाला. न शिकवता दात लावायला लागला. मी म्हटलं, रक्तातच आहे.

गेल्या मंगळवारी दुपारी एक बाई दुकानात आली. तिशीची असेल, काळा कोट हातावर घेतलेला. चप्पल काढून गादीवर बसली आणि पिशवीतून सात खण काढून माझ्यापुढं मांडले. प्रत्येकाला बिल टाचलेलं. सगळी बिलं आमचीच.

मी म्हटलं, "परत घेत नाही आम्ही. पाटी वाचली नाहीत वाटतं."

"परत द्यायला नाही आले, काका. मी वेदश्री. धारवाडला वकिली करते. प्रभंजनचं अपील माझ्याकडं आहे."

साकेत तेव्हा गोदामात गेला होता. मी उगाच इकडंतिकडं बघितलं.

तिनं खणाचा काठ उलटा करून दाखवला. "हे सात खण मी सात महिन्यांत वेगवेगळ्या बायकांना पाठवून घेतले. सातही तपासायला दिले. सातही खणांवर थुंकी सापडली, काका. एकाच माणसाची. तुमच्याकडं खणाला दात लावतात."

सहा वर्षं झाकून ठेवलेलं तिनं सात बिलांत उघडं केलं.

"आणखी एक आहे," ती म्हणाली, आणि आवाज खाली आणला. "कुलकर्णी टीचरांच्या गळ्यातल्या खणावर फक्त प्रभंजनचा डीएनए नव्हता. टीचर आणि प्रभंजन सोडून तिसऱ्या एका माणसाचाही होता. अहवालाच्या शेवटच्या पानावर आहे. तुलना करायला माणूस नव्हता, म्हणून सोडून दिला. कुणी ते पान उलटून बघितलंच नाही. तो तिसरा माणूस आणि या सात खणांना दात लावणारा माणूस एकच आहे."

दुकानात पंखा चालू होता, तरी माझा सदरा पाठीला चिकटला.

"तो तुम्ही नाही, हे मला दिसतंय," ती म्हणाली. माझी कवळी बोलताना हलते. "मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, खणाला दात लावतात हे प्रतिज्ञापत्रावर. दुसरी, आत्ता दात कोण लावतं, त्याचं नाव. आणि तो माणूस तेव्हा दुकानात बसत होता का? बसत असेल तर साधी गोष्ट आहे, प्रभंजनसारखाच त्याचाही दात लागला असेल. पण तुमच्या साक्षीत तर दोघंच आहात. तुम्ही आणि प्रभंजन."

"उद्या येतो धारवाडला," मी म्हटलं. तिला उठवायचं होतं मला, साकेत यायच्या आत.

ती गेली. मी सातही खणांवरून नुसता हात फिरवत बसलो. तिनं ते तिथंच ठेवले होते. म्हणाली, माझ्याकडं फोटो आहेत.

साकेत आला. खण बघितले, बिलं बघितली आणि काही न विचारता एकेकाची घडी घालायला लागला. बिलं टाचलेले सात खण गादीवर पडलेत आणि दुकानदार विचारत नाही हे काय म्हणून?

मी सरळच विचारलं. आडवळण मला जमत नाही. "प्रभंजनला धरलं त्या दसऱ्याला तू आठ दिवस घरी होतास. गल्ल्यावर बसला होतास का?"

त्याचा हात थांबला नाही. "एक दुपार. तुम्ही मागं आडवे झाला होता. प्रभंजन जेवायला गेला होता. स्वाती आली, खण मागितला, मी फाडून दिला. अप्पा, ताग्याचं कसं असतं? एका टोकाला आधीच्यानं दात लावलेला असतो, दुसऱ्या टोकाला नंतरच्यानं. एक टोक त्याचं, एक माझं. एवढंच."

बरोबर होतं ते. अगदी चोख. ताग्याचं तसंच असतं. मी सुटकेचा श्वास घेणार, एवढ्यात मला दुसरंच काहीतरी टोचलं. कुलकर्णी टीचरांना सगळा बाजार टीचर म्हणायचा. कोर्टात टीचर, पेपरात शिक्षिका, माझ्या तोंडात बाई. स्वाती हे त्यांचं नाव मी एकदाच, समन्सवर वाचलं होतं. आणि हा ते नाव असं घेत होता, जसं हजार वेळा घेतलेलं आहे.

"तू ओळखत होतास त्यांना?"

"गिऱ्हाइकाला कोण ओळखत नाही?"

"तेव्हा तू दुकानात येतच नव्हतास."

त्यानं घडी घातलेला खण बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "कॉलेजात एका वर्गात होतो. त्यात काय आहे?"

"आणि असं असेल तर तेव्हा का बोलला नाहीस? तुझ्या एका वाक्यानं तो पोरगा सुटला असता. दुकानात दात लावतात म्हणाला असतास, मीही लावला म्हणाला असतास, संपलं असतं."

"तुम्ही का बोलला नाहीत?" तो म्हणाला.

मी ज्याला भर बाजारात चार शिव्या द्यायला मागंपुढं बघत नाही, त्या माझ्या मुलापुढं मी बिलांच्या टाचण्या काढत बसलो.

तो अगदी शांतपणे जवळ आला. "अप्पा, वकीलबाईंना सांगा, साकेत त्या आठवड्यात एक दुपार बसला होता, मी बघितला. तुम्ही बघितलं म्हणालात की झालं. प्रभंजन सुटेल, मीही सुटेन. एक वाक्य आहे."

"मी बघितलं नव्हतं."

"दात लावताना रोज बघत होता, तरी नाही म्हणालात. आता न बघितलेलं हो म्हणा." आणि तो हसला. त्याच्या आईसारखा हसतो तो. तो लहान असल्यापासून मला ते हसू आवडायचं. त्या दिवशी मी त्या हसण्याकडं बघू शकलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, पोटचा मुलगा आहे, मग विश्वास ठेवायला काय झालं? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, जग असंच चालतं. मलाही तसंच वाटत होतं. खरं सांगतो, आजही मला ठाऊक नाही त्यानं काही केलं की नाही. डीएनए काय सांगतो? दात लागला. कधी लागला, का लागला, ते सांगत नाही. हे मला सहा वर्षांपूर्वी प्रभंजनसाठी कळायला हवं होतं. ते कळलं माझ्या घरावर आल्यावर. किती हरामखोर असावं माणसानं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धारवाडला जाणारी चिगरी बस धरली. साकेत म्हणाला, गाडीनं सोडतो. मी नको म्हटलं. तो स्टॉपपर्यंत चालत आला आणि बस सुटेपर्यंत थांबला. नवनगर आलं तेव्हा मी खिडकीकडं पाठ केली. शेजारच्या माणसानं विचारलं, बरं वाटत नाही का? रायापूरपर्यंत त्याच्याशी पावसापाण्याचं बोललो. काय बोललो, आठवत नाही.

वेदश्रीचं ऑफिस कोर्टाजवळच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. बाहेरच्या बाकावर लक्ष्मीअक्का बसली होती. तिनं मला बघितलं, मी तिला बघितलं, आणि मी सरळ आत गेलो.

दाताचं सगळं सांगितलं. आजोबांपासून. वेदश्री टाइप करत गेली. कोर्टात मी खोटी साक्ष दिली, हेही लिहा म्हटलं. ती म्हणाली, "यानं तुमच्यावर केस होऊ शकते, काका." मी म्हटलं, होऊ दे. दुकान बंद पडेल, हे ती बोलली नाही. ते मलाच माहीत होतं. हुबळीतल्या कुठल्या बाईला आता माझा खण चालणार आहे?

मग तिनं विचारलं, "आत्ता दात कोण लावतं?"

"साकेत. माझा मुलगा."

तिची बोटं टाइप करता करता थांबली. तिला हे नवीन होतं. म्हणाली, "आणि तेव्हा? त्या आठवड्यात तो गल्ल्यावर बसला होता?"

ते एक वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. रात्रभर घोकलेलं. बसला होता, मी बघितला. दोन घरं वाचली असती. त्या मेलेल्या बाईचं कुणी उरलंच नव्हतं विचारायला. आई कधीच गेलेली, भाऊ परदेशात. कुणाचं काय बिघडलं असतं?

"तो म्हणतो, एक दुपार बसला होता," मी म्हटलं. "मी बघितलं नाही. आणि टीचर कॉलेजात त्याच्या वर्गात होत्या, हे मला काल कळलं. तेही लिहा."

"काका," वेदश्री म्हणाली, "मी प्रभंजनची वकील आहे, तुमची नाही. म्हणून सांगते. हे कोर्टात गेलं की पोलीस तुमच्या घरी येतील. सही करायच्या आधी तुमच्या वकिलाला विचारा. आठ दिवस घ्या."

"आठ दिवस घेतले तर मी सही करायचा नाही," मी म्हटलं. "आणा इकडं."

पहिली सही बिघडली, तिनं दुसरी प्रत काढली. एरवी मी पेनाच्या नावानं बोटं मोडली असती. त्या दिवशी मुकाट दुसरी सही केली.

वेदश्री बाहेर गेली आणि लक्ष्मीअक्काशी कन्नडमध्ये बोलली. मला दारातून ऐकू येत होतं. सगळं सांगितलं तिनं, साकेतचंसुद्धा. मी बाहेर आलो तेव्हा वाटलं, आता ही शिव्या देईल. द्याव्यात. सहा वर्षांचा हक्क होता तिचा. मी तिच्यापुढं उभा राहिलो.

ती बाकावर जराशी सरकली. मी बसलो.

"तुमच्या पोराला नेतील?" तिनं विचारलं.

"नेतील बहुतेक."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "स्वेटर द्या बरोबर. गळ्याला दोरी असलेला नको, ती काढून घेतात. तिथं फरशी लई गार असते. पहिल्या हिवाळ्यात माझ्या पोराचे पाय सुजले होते, मला उशिरा कळलं. चड्ड्या नाडीच्या नकोत, इलॅस्टिकच्या द्या. भेटीला जाताना आधारची झेरॉक्स न्या, दोन. आणि पहिल्या भेटीला तो तुमच्याशी बोलणार नाही. तरी पुढच्या वेळी जा. तेव्हाही बोलणार नाही. तरी जा."

मी नुसती मान हलवत होतो.

"लक्षात राहील?" ती म्हणाली. "मला नाही राहिलं. लिहून घ्या."

मी आत जाऊन वकीलबाईंकडून एक कोरा कागद आणि पेन मागून आणलं. लक्ष्मीअक्कानं पुन्हा स्वेटरपासून सुरुवात केली, आणि ती सांगत गेली तसं मी लिहीत गेलो.